एका बटाट्याची वाट

४ मार्च

धाकटे,

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे तुला डोकं खाजवत बसायला नको. मी तुझी थोरली बहीण. तुझ्या डोक्यावर, डोंगराच्या खिंडीत राहते. लहानपणी तुझ्या वेण्या घालायची, तुझं दूध फुंकर मारून निववायची आणि तू शेळी हरवून आलीस की आईच्या मारातला अर्धा आपल्या पाठीवर घ्यायची, ती मी. अजून मेले नाही. आठवलं तर ठीक. नाही आठवलं तर हे पत्र शेजारणीला दे, तिची तरी करमणूक होईल.

अक्षर बघून दचकू नकोस. मी लिहायला शिकले नाही आणि आता शिकणारही नाही. लिहिते आहे माझी नात, लेकीची लेक. तारीखही तिनंच घातली. मला वार कळला तरी पुरतं. या डोंगराला जे लोक भोक पाडताहेत त्यांच्यात ती मोजणीच्या कामाला आहे. बोगदा बरोबर आपल्या खिंडीखालून जाणार, म्हणून खालचं खणणं सरळ चाललं आहे ना, हे पडताळायला तिला वर खुणा रोवाव्या लागतात. दिवसभर तीन पायांची दुर्बीण घेऊन हिंडते आणि झोपायला माझ्याकडे येते. "आजी, तू सांगशील ते लिहीन, पण शिव्या लिहिणार नाही," असं तिनं आधीच बजावलं आहे. त्यामुळे पत्र आखूड झालं तर समजून घे.

तर झालं असं. परवा ती खालून आली आणि कोटाच्या खिशातून एक बटाटा काढून माझ्यापुढे ठेवला. गारढोण, एका बाजूनं चेपलेला. म्हणाली, "आजी, खाऊन बघ. मावशीच्या वळणावरचा आहे. ड्रायव्हर लोक दोन खिशांत दोन गरम बटाटे घालून घाट चढतात. हात शेकले जातात, आणि गार व्हायला लागला की खाऊन टाकायचा. काय डोकं आहे ना त्या मावशींचं!"

त्या मावशींचं डोकं!

ती मावशी माझी सख्खी बहीण आहे, हे मी तिला तेव्हा सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं म्हणा.

धाकटे, तो बटाटा आईचा आहे. चुलीच्या राखेत भाजून आई तो खेचरवाल्यांच्या खिशात घालायची, तेव्हा तुझा घाटरस्ता नव्हता, ड्रायव्हर नव्हते आणि ते वळणही नव्हतं. होता तो खेचरांची ओझी उतरवायचा उघडा पडाव. खिंडीतून निघून पडावावर पोचलं की बटाटा गार झालेला असायचा. म्हणून खिंड ते पडाव एक बटाटा, आणि मधला झरा अर्धा बटाटा. या डोंगरात दुसरं माप नव्हतं. आणि आता पडावावर तू टपरी टाकलीस, तर बटाटा तुझा, वळण तुझं, आणि जगाची मावशीही तूच! रस्तेखात्यानं तिथं तशी पाटी ठोकली आहे म्हणे. मला मावशी म्हणू शकेल असं जगात एकच माणूस आहे, तुझा मुलगा, आणि त्यानं तसं कधी म्हटलेलं नाही.

माझ्या पोटात दुखतंय असं समजू नकोस. (लिही गं. हसायला काय झालं?) पोटात दुखायला पोटात काही जावं लागतं, आणि मी तो बटाटा खाल्ला नाही. शेळीला घातला. शेळीनं आवडीनं खाल्ला, हे खरं आहे म्हणून सांगते.

आता तुझ्यासाठी बातमी. बोगदा झाला की गाड्या घाट चढायच्या बंद. तुझ्या वळणावर गवत उगवेल. कसं उगवतं ते मला विचार, मला अनुभव आहे. आधी जनावरं बांधायच्या कड्यांपाशी उगवतं, मग अंगणात, आणि एक दिवस उंबऱ्यातून डोकं काढून विचारतं, कोणी आहे का घरात?

तोवर एवढं कर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांग, की बटाटा आमच्या आईचा. माझा उल्लेख केला नाहीस तरी चालेल. केलास तर जास्त चालेल.

तुझी थोरली


२६ मार्च

धाकटे,

पत्र पोचलं. मी नातीला पहिलं विचारलं, कुणाकडून लिहून घेतलंय? ती म्हणाली, "आजी, हे त्यांचं स्वतःचं अक्षर आहे."

तू लिहायला शिकलीस! आणि कशी, तर ट्रकच्या मागची अक्षरं वाचून! गाडी उभी असताना ड्रायव्हरला विचारायचं, हे काय लिहिलंय, आणि तो सांगायचा. वा. माझ्या दारात जन्मभर खेचरं उभी राहिली. खेचराच्या मागे काही लिहिलेलं नसतं गं.

नातीला मी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा नुसती अक्षरं कुठली कुठं आहेत ते बघत होते. तुझ्या ओळी वर चढतात. जन्मभर घाटात राहिल्याचा परिणाम असेल.

बटाटा आईचा हे तू कबूल केलंस, बरं वाटलं. पुढे "पण मिरपूड माझी" असं लिहायची काय गरज होती? तुझी तर तुझी. आईच्या बटाट्याला मीठ पुरायचं. आणि भाजायच्या ऐवजी तू उकडतेस, हे नातीकडून कळलं तेव्हा दिवसभर मी कुणाशी बोलले नाही. बोलायला कुणी नव्हतं हे वेगळं.

तू लिहितेस, "रस्ता मी नेला नाही, रस्ता आपोआप गेला." हो का? माझ्या डोळ्यांसमोर झालंय ते. मोजणीवाले आले ते आपल्याच घरी उतरले. मी चुलीपुढे, त्यांची पातेली घासत होते. तू शेळ्या बांधत होतीस. त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला, ही खिंड खेचरांना ठीक आहे, खेचर पायरी चढतं, उभा कडाही चढतं. मोटारीला असा चढ जमत नाही, तिला गोल गोल फिरवत न्यावं लागतं. तुम्हाला एखादा लांबचा, निवांत उतार माहीत आहे का? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी दाखवते! शेळ्या जातात तिकडून, दक्षिणेकडे. तिथलं बर्फही आधी वितळतं." आणि निघालीससुद्धा, त्यांच्या पुढे, उड्या मारत.

संध्याकाळी परत आलात तेव्हा सगळे हसत होतात. कशाला हसत होतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग काय. सुरुंग लागले, पहारी आल्या, घमेली आली. डोंगर दक्षिणेच्या अंगानं सोलून काढला. खिंड एका बाजूला राहिली आणि तिच्यात मी. आईबाबांचं घर सांभाळायला थोरली हवी होती ना. माझ्या नवऱ्याला घरजावई म्हणून तू हसायचीस, तेही मी विसरले नाही. आणि तुझा सुरुंगवाला आपल्या घरी पहिल्यांदा जेवला तेव्हा त्यानं मीठ मागितलं होतं ते माझ्याकडे, तुझ्याकडे नव्हे. तू म्हणशील, मीठच मागितलं होतं. बरं, मीठच.

पुढे सुरुंगात त्याची बोटं गेली. वाईट झालं, तेव्हाही मला वाईट वाटलं होतं. पण त्यानंतर खात्यानं त्याला फाटकावर बसवलं आणि तुझं नशीब उघडलं. रस्ता इतका अरुंद, की सकाळी फक्त चढणाऱ्या गाड्या, दुपारनंतर फक्त उतरणाऱ्या. शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती लाल फडकं द्यायचं. ते फडकं पलीकडच्या फाटकावर पोचलं की मग तिकडची रांग सोडायची. तोवर सगळे तुझ्या टपरीसमोर खोळंबलेले, थंडीनं कुडकुडत. असं नशीब कुणाला मिळतं? सरकारनं गिऱ्हाईक आणून तुझ्या दारात उभं करायचं आणि वर फाटकही लावून घ्यायचं!

लहानपणी वेण्या घालताना मी तुझे केस जरा जास्त ओढायला हवे होते.

थोरली


१८ मे

धाकटे,

बर्फ गेलं. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही मिळाली.

घरात काय चाललंय ते ऐक. नातीनं आधी अंगणात रंगाची खूण केली, मग ओट्यावर, आणि मग सरळ स्वयंपाकघरात शिरून चुलीच्या अंगाला फुली मारली. "आजी, बोगदा बरोबर याच्या खालून." आता खाली सुरुंग उडाला की हंड्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. शेळी बिचकून दूध चोरते. जन्मभर मला वाटायचं, मोटारीचा रस्ता आपल्या दारावरून जायला हवा होता. आता जातोय, पण चुलीखालून.

दोन्हीकडून खणत येतात आणि मधे भेटतात म्हणे. मी विचारलं, अंधारात चुकामूक झाली तर? नात म्हणाली, "तर दोन बोगदे होतील आणि माझी नोकरी जाईल." तिला झोप लागत नाही. मी म्हटलं, काळजी करू नकोस, घुशीसुद्धा भेटतात. उजेडात राहून, एकाच डोंगरावर, एका बटाट्याच्या अंतरावर असून न भेटणाऱ्या फक्त आम्ही दोघीच.

हे शेवटचं वाक्य खोड म्हटलं तर ती खोडत नाही. राहू दे मग.

पोस्टमन सांगत होता, तुझ्याकडे जत्रा लोटली आहे. वळण बंद होणार म्हणून जुने जुने ड्रायव्हर बायकामुलांना घेऊन येताहेत, बटाटे खाताहेत, फोटो काढताहेत. एकानं आपल्या मोडीत निघालेल्या ट्रकचा हॉर्न काढून तुझ्या टपरीला बसवून दिला, आणि जाणारा प्रत्येक जण तो वाजवून जातो. एक तर म्हणे टेबलाला धरून रडला. मिशा असलेला माणूस!

खिंडीला असा निरोप मिळाला नाही, धाकटे. शेवटचा तांडा कधी गेला हेसुद्धा मला कळलं नाही. बर्फ पडायच्या आधी नेहमीसारखे आले, मी नेहमीसारखे बटाटे दिले, "बर्फ वितळलं की येतो" म्हणाले. पुढच्या वर्षी वाट पाहिली. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या ह्यांनी आपलीही खेचरं विकली आणि म्होरक्या खेचराची घंटा तेवढी ठेवून घेतली. तो तांडा शेवटचा आहे हे माहीत असतं, तर मी निदान दारात जाऊन उभी राहिले असते. मी आत भांडी घासत होते.

तुझं काय, तुला सगळं सांगून-सवरून मिळतं. शेवटसुद्धा.

नात मधेच विचारते आहे, हाताला फोड कसले आले. चुलीवर भाजलं, असं लिही. "दोन्ही हातांना, आजी?" हो, दोन्ही हातांना. चूल मोठी आहे.

कोयता पोस्टमनबरोबर धार लावायला पाठवला आहे. तुझ्या शेजारच्या लोहाराकडे येईल, तर त्याला म्हणावं नीट लाव, मागच्या वेळी फसवलंन. आणि हो, तुझ्या टपरीच्या मागून जुनी वाट वर चढते, तिथल्या पहिल्या कोपऱ्यावरचा दगडी कठडा उभा आहे की पडला? सहज विचारते. तुझे गुडघे कसे आहेत? तेही सहजच.

थोरली


३ ऑगस्ट

धाकटे,

भेटले ते. अंधारात, डोंगराच्या पोटात, दोन्हीकडचे लोक समोरासमोर आले. बोटभर चूक निघाली, एवढीच. नात वर धावत आली, माझ्या गळ्यात पडून रडली, मग पातेलंभर जेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. आता आधी बससाठी वाट मोकळी करणार, ऑक्टोबरच्या अखेरीला. बाकीचं रंगकाम नंतर.

तिचा आनंद बघून मीही जरा आनंदात होते. तेवढ्यात तुझं पत्र.

"मुलगा न्यायला येतोय. टपरी आवरते. बोगदा उघडेल त्या दिवशी पहिल्या बसनं त्याच्याकडे राहायला जाणार. ड्रायव्हरनं पुढची सीट माझ्यासाठी ठेवली आहे."

पुढची सीट! ठेवली नसती तरच नवल. शेळ्यांच्या पुढे तू, मोजणीवाल्यांच्या पुढे तू, आता बसमध्येही पुढे तू.

मी नातीला विचारलं, बस माझ्या घराखालून जायला किती वेळ लागेल? ती म्हणाली, "एक बटाटा सोलून होईल एवढा." म्हणजे मी बटाटा हातात घ्यायचा, साल काढायची, आणि ते होईतो माझी बहीण चुलीखालून पार. वर बघायचं म्हटलंस तरी तुला दगडच दिसणार. मी पाय आपटीन म्हणते. टपावर काही पडलं तर मी नव्हे.

मुलाच्या घराला लिफ्ट आहे, चढ-उतार नाही, हे तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस. छान आहे. गुडघे घडी घालून कपाटात ठेव, सणासुदीला काढ. सून स्वभावानं चांगली आहे, हेही वाचलं. असेल. तुझे केस विंचरील का ती? तुला मानेपाशी गुंता होतो आणि तिथं कुणी ओढलं की तू किंचाळतेस, हे तिला कुणी सांगितलंय? बटाटा कुणाच्या आईचा, हे तिला कसं कळणार? तू सांगशील आणि ती "हो का" म्हणेल. "हो का" म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

जा, जा. तुला कोणी अडवलंय.

नात म्हणते, आजी, तुला नक्की काय लिहायचं आहे ते लिहूया का. मी म्हटलं, लिहिलं ना सगळं.

थोरली


१० सप्टेंबर

धाकटे,

"मला कधी बोलावलंस?"

तुझ्या पत्रातलं हे वाक्य नातीनं दोनदा वाचलं. मी उठून शेळीला पाला घातला.

अगं, घरच्या माणसाला आमंत्रण लागतं? माहेर आहे ते तुझं. माहेरी यायला कुणी पत्रिका छापतं का? की रस्तेखात्यानं पाटी लावायला हवी होती, थोरलीची खिंड, आत यावे?

तू लिहितेस, "आई गेली तेव्हा आले होते. तू दारातच म्हणालीस, आता कशाला आलीस." म्हणाले असेन. आधी का आली नाहीस, असं विचारायचं होतं मला. दुःखात माणूस जवळचे शब्द उचलतो. बाकी अख्खी दुनिया टपरीवर येऊन काय काय बरळत असेल, त्यांचं तुला सगळं बरोबर कळतं. माझंच तेवढं तू जसंच्या तसं धरलंस, आणि इतकी वर्षं धरून बसलीस.

पुढे म्हणतेस, यायचं तरी कसं. मोटारीनं डोंगराला अख्खा वळसा, दोनदा गाडी बदला, आणि पलीकडून वर चढणारी जीप पोस्टमनच्या दिवशीच. जुनी वाट म्हणशील तर ती राहिलीच कुठे. झुडपं माजली, कठडे ढासळले, शेळीसुद्धा चढणार नाही.

बरं.

या पत्राला उत्तर नको. मला काम आहे, आणि बर्फाला फार दिवस नाहीत.

थोरली


१४ ऑक्टोबर

धाकटे,

काल मी तुझ्याकडे आले होते. उठून मागे बघू नकोस, आत आले नव्हते.

वाट उघडी आहे. तुला वाटलं तसं काही नाही, रस्ता इतक्या सहजी मरत नाही. खेचरांची वाट बांधणाऱ्यांनी ती मोटारीसाठी बांधली नव्हती, त्यामुळे घाई केली नव्हती. पायऱ्या रुंद, खेचराच्या दोन पावलांच्या. पाणी जायला आडवे दगड, दरीच्या बाजूनं कठडा. वर नुसती माती आणि झुडपं साचली होती. कोयत्यानं खरवडलं की खालून सगळं जसंच्या तसं निघत होतं, जसं जळकं पातेलं घासल्यावर निघतं. मे महिन्यापासून चाललंय. फोड चुलीचे नव्हते, आता तुला सांगायला हरकत नाही. पडलेल्या कठड्याचे मोठे दगड नातीनं आणि तिच्या दोन सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी उचलून दिले. तिथंही ती दुर्बीण लावून बघत होती, सरळ आहे का म्हणून. मी म्हटलं, बाई, खेचर कधी सरळ चालतं का?

तर काल वाट पुरी झाली. पुरी झाली की नाही हे बघायचं एकच माप मला ठाऊक. राखेतून दोन बटाटे काढले, कोटाच्या दोन खिशांत घातले, हातही आत घातले आणि निघाले. झऱ्यापाशी चटका बसत होता. पाणी अजून तसंच आहे, दात शिवशिवतात. तिथून पुढे झाडी, मग तीन मोठे कोपरे, आणि शेवटच्या कोपऱ्यावर कठड्याला टेकून खाली बघितलं तर तुझ्या टपरीचं छप्पर. खिशात हात होता. बटाटा गरम होता, धाकटे. कोमट नव्हे, गरम. या वयात!

मग मी तिथंच बसून तुला बघितलं.

केस पांढरे झाले तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं. जाडही झाली आहेस, ते शोभतं. रस्त्याच्या कडेला ट्रक असे उभे होते जशी कोंबडीभोवती पिलं. तू एका हातानं किटली धरलीस आणि दुसऱ्या हातानं कुणा ड्रायव्हरच्या गळ्यातला मफलर नीट केलास. त्याचं नाक पुसायचं तेवढं बाकी ठेवलंस. तो परका माणूस, बाप्या, तुझा कोण लागतो गं? मला इतका राग आला की दोन्ही बटाटे मी तिथंच बसून खाऊन टाकले. सालासकट.

ती पाटीही दिसली. वाचता आली नाही, पण आकार कळला. नंतर नातीनं मला चुलीतल्या कोळशानं ओट्यावर तोच शब्द काढून दाखवला. "मावशी" फारसा अवघड नाही. मी दोनदा गिरवला. पुढे शिकणार नाही, एवढा एक बस झाला.

खाली का उतरले नाही म्हणशील. उतरून काय सांगणार होते? रांगेत उभी राहून म्हणू, मी मावशीची बहीण? मग त्यांनी माझा फोटो काढायचा, मी हॉर्न वाजवायचा आणि तू म्हणायचं, आता कशाला आलीस. नको. शिवाय वारा होता, डोळ्यांत पाणी येत होतं. वाऱ्यानं येतं.

तर आता ऐक. तुझी बस महिनाअखेरच्या शनिवारी. त्याच्या आधीचा रविवार मोकळा आहे असं नातीनं काढलं आहे, आणि तोवर बर्फ येणार नाही असं मी काढलं आहे. पहिल्या उजेडाला नात तुझ्या टपरीशी येईल. तिच्या खांद्याला धरून चढ, प्रत्येक कोपऱ्यावर बस, कठडे बसण्याच्याच उंचीचे केले आहेत. मुलाला सांग, सून एक दिवस थांबेल, लिफ्टही कुठे जात नाही. नंतर शनिवारी खुशाल जा खालून, पुढच्या सीटवर बसून. चुलीखाली आलीस की ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लाव. हंड्यातलं पाणी हललं की मला कळेल.

एक गोष्ट मात्र मला माहीत नाही. उतरताना बटाटा किती टिकतो ते आईनं शिकवलं. चढताना किती टिकतो ते कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? वर चढणाऱ्याच्या खिशात बटाटा घालणारं खाली तेव्हा कुणी नव्हतं. आता आहे. माझा अंदाज, चढाला दुप्पट वेळ, म्हणजे झऱ्यापर्यंतच पुरेल. म्हणून मी झऱ्यापाशी येऊन बसेन. तुला न्यायला नव्हे, मला पाणी भरायचं असतं.

तेव्हा दोन बटाटे पाठव. उकडलेले नकोत, राखेत भाजलेले, आणि फार मोठे नकोत, मोठा आतून कच्चा राहतो. मीठ माझ्याकडे आहे. मिरपूड लावू नकोस. बरं, कागदाच्या पुडीत वेगळी बांधून पाठव. नावं ठेवायची तर चाखून ठेवावीत. आणि पोस्टमनकडे देऊ नकोस. तो वळसा घालून येतो, गार होतात.

थोरली